खगोलशास्त्र-खगोलभौतिकी स्पर्धा : काय वाचायचं, काय सोडवायचं आणि कुठल्या क्रमानं?

नाक्षत्र

खगोलशास्त्र ऑलिंपियाड किंवा त्या धर्तीच्या स्पर्धांना बसणाऱ्या मुलांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हा धागा. जाणकारांनी आपापल्या विषयावर हात राखून न लिहिता सविस्तर लिहावं, ही विनंती.

सुरुवातीलाच एक सांगतो. या स्पर्धेत माहिती फारशी विचारत नाहीत. कृष्णविवर म्हणजे काय, हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो असा : एका दीर्घिकेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या वायूचा वेग अमुक, केंद्रापासूनचं कोनीय अंतर अमुक, दीर्घिकेचं आपल्यापासूनचं अंतर अमुक, मधल्या वस्तूचं वस्तुमान काढा. भौतिकी एका ओळीची आहे. पण वेग किलोमीटर प्रतिसेकंदात, कोन विकलांमध्ये (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि अंतर मेगापारसेकमध्ये (दहा लाख पारसेक, ताऱ्यांच्या अंतरांचं एकक) दिलेलं असतं, आणि गाडी अडते ती तिथेच. त्यामुळे विश्वाच्या जन्मावरची रंजक पुस्तकं जरूर वाचा, पण तो वेळ अभ्यासाच्या खात्यात धरू नका.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड २००७ मध्ये थायलंडमधल्या चियांग माई इथे सुरू झालं. त्याचे तीन भाग असतात : सिद्धान्त, विदा-विश्लेषण (मोजमापांच्या आकड्यांचं विश्लेषण) आणि निरीक्षण. सर्वांत मोठा वाटा सिद्धान्ताचा. निवडचाचण्यांमध्ये बहुधा सिद्धान्तच जास्त असतो, म्हणून उरलेले दोन भाग शेवटच्या महिन्यावर ढकलले जातात आणि मग महागात पडतात.

हत्यारं आधी घासून घ्या. लॉगॅरिदम, दहाचे घात आणि त्रिकोणमिती हातासरशी यायला हवी. लहान कोनाचं सूत्र (१ रेडियन = २,०६,२६५ विकला) झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. शाळेच्या शेवटच्या वर्षांतली यांत्रिकी, उष्णता, प्रकाश आणि अणुरचना पक्की हवी. त्यानंतर माझ्या मते क्रम असा : खगोलाची भूमिती, प्रकाश आणि प्रत (ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा लहान तर तारा ठळक), गुरुत्वाकर्षण, तारे, उपकरणं, आणि सर्वांत शेवटी विश्वरचनाशास्त्र.

स्थिरांक पाठ करत बसू नका, तक्ता मिळतो. पण सूर्याचं वस्तुमान (१.९९ × १०^३० किलो), त्रिज्या (६.९६ × १०^८ मीटर), तेजस्विता (३.८३ × १०^२६ वॅट), पृष्ठभागाचं तापमान (५७७२ केल्विन), खगोलीय एकक (१.४९६ × १०^११ मीटर) आणि पारसेक (३.०९ × १०^१६ मीटर) हे सहा आकडे तोंडात बसले की उत्तर बरोबर दिसतंय का, हे तिथल्या तिथे कळतं.


अंशकला

नाक्षत्र यांच्या क्रमाला पूर्ण अनुमोदन. खगोलाच्या भूमितीवर मी लिहिते, कारण शाळेत हा विषय कुठेच शिकवत नाहीत आणि तो वाचून येत नाही.

सुरुवात चित्रापासून. एक वर्तुळ काढा. वर खस्वस्तिक (बरोबर डोक्यावरचा बिंदू), आडवं क्षितिज, आणि उत्तर क्षितिजापासून अक्षांशाएवढ्या उंचीवर ध्रुवबिंदू. त्याला काटकोनात आकाशातलं विषुववृत्त. आता तारा मांडा आणि तारा, ध्रुव व खस्वस्तिक जोडा. हा त्रिकोण म्हणजे निम्मा अभ्यासक्रम. त्याच्या तीन बाजू : ९० वजा अक्षांश, ९० वजा क्रांती (विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर), ९० वजा उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची). ध्रुवापाशी होराकोन (डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेपासून तारा किती सरकला तो कोन), खस्वस्तिकापाशी दिगंश (क्षितिजावरची दिशा). या त्रिकोणाला गोलीय कोसाइन सूत्र लावलं की निघतं :

साइन उन्नतांश = साइन अक्षांश × साइन क्रांती + कॉस अक्षांश × कॉस क्रांती × कॉस होराकोन

हे सूत्र पाठ करू नका, दर वेळी चित्रातून काढा. पेपरात त्रिकोण बदलून देतात (दोन तारे आणि ध्रुव, किंवा तारा, ध्रुव आणि आयनिकवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाचा, ध्रुव). पाठांतरवाला तिथे अडकतो.

एक उदाहरण पूर्ण करू. ४०° उत्तर अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस किती तासांचा? सूर्याची क्रांती +२३.४४°. उन्नतांश शून्य धरला की कॉस होराकोन = −टॅन अक्षांश × टॅन क्रांती = −०.८३९ × ०.४३४ = −०.३६४. होराकोन १११.३°, म्हणजे ७ तास २५ मिनिटं. दुप्पट केलं की १४ तास ५१ मिनिटं.

पण प्रश्नात 'वातावरण लक्षात घेऊन' असं म्हटलं असेल तर हे उत्तर पुरत नाही. क्षितिजाजवळ प्रकाश साधारण ३४ कलांनी (कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग) वाकतो, आणि उदय-अस्त सूर्याच्या वरच्या कडेचा मोजतात, म्हणून त्रिज्येच्या १६ कला आणखी. उन्नतांश −५० कला, म्हणजे −०.८३° घ्यायचा. होराकोन सुमारे १.३° वाढतो आणि दिवस १५ तास १ मिनिटाचा होतो. दहा मिनिटांचा फरक. हा फरक सगळीकडे सारखा नसतो. जास्त अक्षांशांवर सूर्य तिरका मावळतो, म्हणून तिथे फरक वाढतो. हे चित्रावरून समजलं असेल तर उपप्रश्नाचं उत्तर आपोआप सुटतं.

आता नेहमी कुठे चुकतं ते. दिगंश साइन सूत्रानं काढला की कॅल्क्युलेटर ९०° च्या आतलाच कोन देतो, आणि खरा कोन १८० वजा तो असू शकतो. म्हणून दिगंश नेहमी कोसाइन सूत्रानं काढा आणि पूर्व की पश्चिम हे होराकोनाच्या चिन्हावरून ठरवा. होराकोन धन असेल तर तारा पश्चिमेला. दिगंश उत्तरेपासून मोजताय की दक्षिणेपासून, हे उत्तरपत्रिकेत लिहा, दोन्ही पद्धती चालतात.

दुसरी चूक जवळजवळच्या ताऱ्यांची. दोन ताऱ्यांची क्रांती ६०° आणि विषुवांशात (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, तास-मिनिटांत) ४ मिनिटांचा फरक. ४ मिनिटं म्हणजे १°, पण ताऱ्यांमधलं अंतर १° नाही, अर्धाच अंश आहे, कारण कॉस ६० नं गुणावं लागतं. मिनिटांना १५ नं गुणायला आणि कॉस क्रांती घ्यायला, दोन्ही विसरणारी मुलं दिसतात.


पहिली_रात्र

अंशकला ताई, नाक्षत्रकालाचं (ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेल्या वेळेचं) काय करायचं? सूत्र माहीत आहे, पण अमुक तारखेला अमुक वाजता कोणता तारा डोक्यावर असेल, हे प्रश्न येतात तेव्हा सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.


अंशकला

@पहिली_रात्र, दोनच गोष्टी हव्यात. नाक्षत्रकाल = विषुवांश + होराकोन, आणि नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा. २१ मार्चला सूर्य वसंतसंपातावर (जिथून विषुवांश मोजतात त्या बिंदूवर) असतो, म्हणून त्या मध्यरात्री नाक्षत्रकाल साधारण १२ तास. तिथून पुढे दर दिवशी ३ मिनिटं ५६ सेकंद वाढवत जायचं.

समजा १५ मे, रात्री १०. मधले दिवस ५५, वाढ ३ तास ३७ मिनिटं. मध्यरात्रीचा नाक्षत्रकाल १५ तास ३७ मिनिटं, म्हणून रात्री १० वाजताचा १३ तास ३७ मिनिटं. चित्रेचा विषुवांश १३ तास २५ मिनिटं, म्हणजे ती नुकतीच मध्यमंडल (डोक्यावरची उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून पश्चिमेला कललेली. स्वातीचा १४ तास १६ मिनिटं, म्हणजे ती अजून पूर्वेला आहे आणि ३९ मिनिटांनी मध्यमंडलावर येईल. त्या वेळी तिची उंची किती? ९० − अक्षांश + क्रांती. ४०° उत्तरेला सुमारे ६९°.

या पद्धतीत पाच-दहा मिनिटांची चूक राहते. आकाश ओळखायला तेवढं चालतं. आणि ही वेळ स्थानिक मध्यम वेळ आहे हे विसरू नका. घड्याळाची प्रमाणवेळ दिली असेल तर रेखांशाच्या दर अंशाला ४ मिनिटं हा हिशेब आधी करा. प्रश्न सूर्यघडीचा असेल तर कालसमीकरणही (सूर्यघडीची वेळ आणि मध्यम वेळ यांतला फरक) धरावं लागतं, ते वर्षभरात साधारण −१४ ते +१६ मिनिटांमध्ये हेलकावतं.


तेजोमापक

माझा विषय प्रत. 'सोपं आहे' म्हणून मुलं हे प्रकरण दोन दिवसांत संपवतात आणि नंतर सगळीकडे चुकतात.

५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट, हे सगळ्यांना येतं. चूक होते ती प्रतींची बेरीज करताना. ३ आणि ४ प्रतीचे तारे एकमेकांत मिसळलेले दिसले तर एकत्रित प्रत किती? आधी दोन्हींचे प्रकाशप्रवाह काढायचे, त्यांची बेरीज करायची, मग परत प्रतीत यायचं. उत्तर २.६४. पडताळा असा : दोन्ही तारे ३ प्रतीचे असते तर २.२५ आलं असतं, म्हणून उत्तर २.२५ आणि ३ यांच्या मध्येच हवं. सरासरी काढून ३.५ लिहिणाऱ्यानं एवढाच विचार करावा की दोन दिवे मिळून एकापेक्षा मंद कसे होतील?

अंतराचं सूत्र (दृश्य प्रत − निरपेक्ष प्रत = ५ लॉग अंतर − ५; अंतर पारसेकमध्ये, निरपेक्ष प्रत म्हणजे १० पारसेकवरून दिसेल ती प्रत) वापरताना आंतरतारकीय धूळ विसरू नका. दृश्य प्रत ८ आणि निरपेक्ष प्रत ०.५ असलेला तारा धूळ नसेल तर ३१६ पारसेकवर येतो. मध्ये १.५ प्रतीचं शोषण असेल तर तोच तारा १५८ पारसेकवर येतो, बरोबर निम्म्या अंतरावर. शोषण थेट दिलेलं नसतं, रंगावरून काढायला लावतात. ताऱ्याचा मोजलेला निळा-दृश्य रंगांक (निळ्या आणि दृश्य पट्ट्यातल्या प्रतींमधला फरक) आणि त्याच्या वर्णपटप्रकाराचा मूळ रंगांक यांतला फरक ३.१ नं गुणला की दृश्य पट्ट्यातलं शोषण मिळतं.

वातावरणाचं शोषण वेगळं. ते हवेच्या थराच्या जाडीवर ठरतं, आणि जाडी खस्वस्तिकापासूनच्या कोनाच्या सेकंटएवढी. ६०° कोनावर दुप्पट हवा, म्हणून गुणांक ०.२ असेल तर ०.४ प्रतीचा घाटा. क्षितिजाजवळ मात्र सेकंटचं सूत्र चालत नाही.

आणखी एक. निरपेक्ष प्रत कोणत्या पट्ट्यातली आहे ते पाहा. सूर्याची दृश्य पट्ट्यातली ४.८३, सर्व तरंगलांबी धरून ४.७४. एका ताऱ्याची एका पट्ट्यातली आणि सूर्याची दुसऱ्या पट्ट्यातली प्रत घेऊन तेजस्वितेचं गुणोत्तर काढलं की थंड लाल ताऱ्यांसाठी उत्तर साफ बिघडतं, कारण त्यांचा बहुतांश प्रकाश अवरक्तात असतो.


केप्लरवाला

क्रमाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. गुरुत्वाकर्षण आधी घ्यावं. भौतिकीचा पाया त्यातून तपासला जातो आणि पेपरात ते दहा ठिकाणी डोकावतं : ग्रह, उपग्रह, जोडतारे, तारकागुच्छ, दीर्घिकांचं फिरणं.

जोडताऱ्यांपासून सुरुवात करा. वर्ष, खगोलीय एकक आणि सूर्याचं वस्तुमान ही एककं घेतली की केप्लरचा तिसरा नियम 'एकूण वस्तुमान = अंतराचा घन ÷ काळाचा वर्ग' एवढाच उरतो. व्याध आणि त्याचा श्वेतबटू सोबती : कक्षेचा अर्धदीर्घाक्ष (लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा अर्धा) ७.५ विकला, पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून ताऱ्याचं दिसणारं सरकणं) ०.३७९ विकला, आवर्तकाल ५०.१ वर्षं. ७.५ ÷ ०.३७९ = १९.८ खगोलीय एकक. घन ७७५०, त्याला २५१० नं भागलं की ३.१ सूर्यवस्तुमानं. तीन ओळींत उत्तर. हेच गणित किलो-मीटर-सेकंदांत केलं तर पानभर जातं आणि घातांक चुकण्याची दाट शक्यता. कक्षेचं प्रतल तिरकं असेल तर काय बदलतं, हे स्वतः मांडून पाहा. वर्णपटावरून मोजलेल्या वेगांतून कक्षेच्या तिरकेपणाचा कोन माहीत नसताना वस्तुमानाची फक्त किमान मर्यादा कळते, आणि हा उपप्रश्न परीक्षकांच्या आवडीचा आहे.

अंतराळयानांच्या प्रश्नात एकाच जागी बहुतेकांची दांडी उडते, ती जागा नीट पाहू. पृथ्वीकडून मंगळाकडे होमान कक्षेनं (दोन्ही ग्रहांच्या कक्षांना टेकणाऱ्या लंबवर्तुळानं) जायचं. अर्धदीर्घाक्ष १.२६२ खगोलीय एकक, अर्धा आवर्तकाल सुमारे २५९ दिवस. तेवढ्यात मंगळ १३६° पुढे सरकतो, म्हणून निघताना तो ४४° पुढे असायला हवा. इथपर्यंत सगळे येतात. पृथ्वीच्या कक्षेत सूर्याभोवतीचा वेग २९.७८ किमी प्रतिसेकंद, होमान कक्षेत त्याच जागी ३२.७३ हवा. जादा २.९४. आता यान पृथ्वीपासून ३०० किमी उंचीवर ७.७३ वेगानं फिरतंय आणि तिथला मुक्तिवेग १०.९३ आहे. मुलं काय करतात? १०.९३ − ७.७३ = ३.२, त्यात २.९४ मिळवतात आणि ६.१४ लिहितात. हे चूक आहे. बेरीज ऊर्जेची करायची, वेगांची करायची नाही. निघतानाचा वेग = वर्गमूळ (१०.९३² + २.९४²) = ११.३२. त्यातून ७.७३ वजा केले की ३.५९ किमी प्रतिसेकंद, म्हणजे साठ टक्क्यांच्याही आत. खोल गुरुत्वविहिरीच्या तळाशी इंजिन पेटवलं की त्याच वेगवाढीतून जास्त ऊर्जा मिळते. हे एकदा मनात बसलं की मंगळाजवळ पोचून कक्षेत शिरण्याचा प्रश्नही याच वाटेनं सुटतो.

व्हिरियल प्रमेय (स्थिर समूहातली गतिज आणि गुरुत्वीय ऊर्जा यांचं नातं) न चुकता शिका. तारकागुच्छाचं वस्तुमान, वायूच्या ढगाचं आकुंचन, ताऱ्याच्या केंद्राचं तापमान, सगळीकडे तेच कामाला येतं.


त्रिज्या

विकलन-संकलन किती लागतं? काहींनी भरपूर लागतं असं सांगितलं, काहींनी अजिबात नाही.


नाक्षत्र

@त्रिज्या, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचा अभ्यासक्रमच सांगतो की उत्तरांसाठी कलनशास्त्राचा मोठा वापर, संमिश्र संख्या किंवा विकलक समीकरणं लागू नयेत. साधं विकलन आलं तर बरंच : कमाल-किमान काढायला आणि चुकीचं प्रसारण, म्हणजे मोजमापातली चूक उत्तरात किती उतरते, ते समजायला. त्यापेक्षा आसन्न किंमत काढण्याची सवय जास्त कामाची. (१ + क्ष) चा न वा घात ≈ १ + न × क्ष, लहान क्ष साठी, एवढं सूत्र सगळीकडे पुरतं. केप्लरवाला यांच्या क्रमाला माझी हरकत नाही. फक्त खगोलाची भूमिती मुरायला वेळ लागतो, म्हणून ती दुसऱ्या विषयाबरोबर रोज थोडी चालू ठेवा.


तेजोमापक

ताऱ्यांच्या अंतरंगाबद्दल थोडं. इथे मोठी समीकरणं सोडवायची नसतात, अंदाज बांधायचा असतो. सूर्य किती काळ जळेल? हायड्रोजनचा हेलियम होताना ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते, आणि सूर्याच्या दहाव्या हिश्शातच हे घडतं असं धरा. ०.१ × ०.००७ × वस्तुमान × प्रकाशवेगाचा वर्ग ÷ तेजस्विता = ३.३ × १०^१७ सेकंद, म्हणजे सुमारे १० अब्ज वर्षं. हेच नुसत्या आकुंचनाच्या ऊर्जेवर केलं तर ३ कोटी वर्षं निघतात. सूर्याला आण्विक इंधन का लागतं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

केंद्राचा दाब असाच काढला (गुरुत्व स्थिरांक × वस्तुमानाचा वर्ग ÷ त्रिज्येचा चौथा घात) तर १०^१५ पास्कल येतो. खरा दाब याच्या वीसएक पट जास्त आहे, कारण सूर्याचं वस्तुमान मध्यभागी एकवटलेलं आहे. अंदाज कुठल्या बाजूला चुकतो आणि का, हे एका वाक्यात लिहायला शिका.


आलेखकागद

विदा-विश्लेषणाचा सराव सगळ्यात कमी होतो. वाचून हे येत नाही, आलेखाचा कागद आणि टोकदार पेन्सिल घेऊन बसावंच लागतं.

सुरुवात गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांपासून करा. अंतरं हजार किलोमीटरमध्ये : आयो ४२२, युरोपा ६७१, गॅनिमीड १०७०, कॅलिस्टो १८८३. आवर्तकाल दिवसांत : १.७६९, ३.५५१, ७.१५५, १६.६८९. नुसतेच मांडलेत तर वक्ररेषा येईल, आणि वक्ररेषेवरून नियम सिद्ध होत नाही. दोन्हींचे लॉग घ्या आणि मांडा, आवर्तकाल उभ्या अक्षावर. सरळ रेषा येईल, तिचा चढ मोजा, १.५० मिळायला हवा. मग गुरूचं वस्तुमान काढा, १.९ × १०^२७ किलो. हे एकदा हातानं केलं की प्रत्येक प्रश्नात आधी विचार कराल : दिलेल्या सूत्राची सरळ रेषा कशी करता येईल? घातसूत्र असेल तर दोन्ही बाजूंचे लॉग. घातांकी ऱ्हास असेल तर एकाच बाजूचा.

आलेखाचे गुण फुकट जातात ते असे. अक्षांवर राशी किंवा एकक नाही. एका घराला ३ किंवा ७ एकक घेतल्यानं बिंदू मांडताना गोंधळ. सगळे बिंदू कागदाच्या एका कोपऱ्यात, कारण शून्यापासून सुरुवात केली. चढ काढताना विदेतलेच दोन बिंदू उचलले, खरं तर रेषेवरचे दोन दूरदूरचे बिंदू घ्यायचे. रेषेपासून फटकून असलेला बिंदू गुपचूप वगळला, आणि का वगळला ते लिहिलंच नाही.

चुकीच्या प्रसारणात एवढं पक्कं करा. गुणाकार-भागाकारात सापेक्ष चुका वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळानं मिळतात, घातांक असेल तर सापेक्ष चुकीला त्यानं गुणायचं. म्हणजे अंतरात २ टक्के चूक असेल तर अंतराचा घन असलेल्या वस्तुमानात ६ टक्के. लॉगमधली चूक ०.४३४ × सापेक्ष चूक. उत्तर १.८९७३४५ × १०^२७ असं लिहून पुढे चूक ५ टक्के म्हणणं म्हणजे चूक समजलीच नाही असं सांगणं. १.९० ± ०.१० लिहा.

रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांची विदा बहुधा ज्युलियन दिनांकात (ओळीनं मोजलेल्या दिवसांच्या क्रमांकात) असते. आवर्तकाल काढताना शेजारशेजारच्या दोन शिखरांमधलं अंतर घेऊ नका. पहिलं आणि शेवटचं शिखर घ्या, मधली आवर्तनं मोजा आणि भागा. चूक तितक्या पटीनं कमी होते. आवर्तनांची संख्या एकानं चुकली तर मात्र सगळंच वाया, म्हणून आधी अंदाजे आवर्तकालानं ती संख्या पडताळा.


रात्रपाळी

निरीक्षणाबद्दल. पडद्यावर आकाश पाहणं आणि खरं आकाश पाहणं यांत फरक आहे. स्टेलॅरियम (आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) चांगलं आहे, फुकट आहे, पण त्यातल्या तारकासमूहांच्या रेषा आणि नावं बंद करूनच सराव करा. तारांगणातल्या प्रश्नांत आणि छापील नकाशांत तारे मुद्दाम गाळतात किंवा एखादा नसलेला तारा घालतात. रेषांवर अवलंबून असलेल्या डोळ्याला ते दिसत नाही.

मृग, व्याध, रोहिणी, अभिजित ही नावं आपल्याला येतात, त्यांच्यासोबत ग्रीक अक्षरांची नावं आणि तारकासमूहाचं आंतरराष्ट्रीय नाव जोडून ठेवा, कारण उत्तर तसंच मागतात. स्पर्धा कुठल्याही गोलार्धात होऊ शकते, त्यामुळे दक्षिणेकडचं आकाशही हवं. अगस्त्य, मित्र आणि त्रिशंकू ओळखून थांबू नका, ८८ च्या ८८ तारकासमूह नकाशावर दाखवता आले पाहिजेत. हात लांब केला की मूठ साधारण १०°, करंगळी १°. स्वतःच्या हाताची मापं सप्तर्षींवर ताडून घ्या. त्यातले टोकाचे दोन तारे, ज्यांच्या रेषेत ध्रुव सापडतो, एकमेकांपासून साडेपाच अंशाच्या आसपास आहेत.

दुर्बिणीचं काम क्रमानं करायची सवय लावा. तिकाटणं समतल करा. मग नळी आणि प्रतिभाराचं संतुलन : अक्ष सैल सोडला तरी नळी आपसूक हलता कामा नये. मग ध्रुवाक्ष ध्रुवाकडे. मग उजेड असतानाच दूरच्या खांबाच्या टोकावर मुख्य दुर्बीण आणि शोधक दुर्बीण जुळवा. हे शेवटचं टाळलं तर रात्री चंद्रसुद्धा सापडायला वेळ लागतो. आणि सुरुवात नेहमी सर्वांत लांब नाभीय अंतराच्या, म्हणजे कमी वर्धनाच्या नेत्रिकेनं.

दृष्टिक्षेत्र मोजायला लावतात. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेचा (डेल्टा ओरायनिस) जवळजवळ विषुववृत्तावर आहे. पाठलागाची मोटर बंद करा, तारा क्षेत्राच्या एका कडेवर ठेवा आणि मधोमध सरकत दुसऱ्या कडेला जायला लागणारा वेळ मोजा. मिनिटाला १५ कला. दोन मिनिटं लागली तर ३० कला. दुसरा तारा घेतला तर कॉस क्रांतीनं गुणा. तारा मधोमध न जाता बाजूनं गेला की वेळ कमी भरतो आणि क्षेत्र लहान निघतं, म्हणून तीनदा तरी मोजा.

चित्राच्या दिशाही सांभाळा. न्यूटनच्या दुर्बिणीत चित्र १८०° फिरलेलं दिसतं, काटकोनी आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावं-उजवं उलटं. रेखाटनात उत्तर आणि पूर्व दाखवली नाही तर रेखाटन अर्धवट धरतात. पूर्व-पश्चिम ओळखायची खात्रीची युक्ती : मोटर बंद केली की तारे पश्चिमेकडे सरकतात.


पहिली_रात्र

मेसियेची यादी (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका), ११० च्या ११० वस्तूंसकट, पाठ करायची का?


रात्रपाळी

करायची. क्रमांक, प्रकार, तारकासमूह. एकदा झाली की झाली, आणि नंतर नकाशाच्या प्रश्नांत वेळ वाचतो.


अंशकला

@रात्रपाळी, इथे असहमत. नुसते क्रमांक पाठ करून मुलं थकतात. ठळक चाळीस-पन्नास घ्या, प्रत्येक कुठल्या ताऱ्यावरून कसं सापडतं ते शिका, आणि विषुवांशानुसार लावा, म्हणजे नाक्षत्रकाल कळताच आता कोणती दिसतील ते सांगता येतं. शिवाय मेसियेनं पॅरिसमधून पाहिलं, त्यामुळे मॅजेलनचे मेघ, ओमेगा सेंटॉरी, ४७ टुकाने यांसारख्या दक्षिणेच्या सुंदर गोष्टी त्याच्या यादीत नाहीतच. त्या वेगळ्या शिकाव्या लागतात. उरलेली मेसिये वस्तू हळूहळू येतील.


केप्लरवाला

विश्वरचनाशास्त्राबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. मुलं यावर सर्वाधिक वाचतात, पण स्पर्धेपुरता भाग लहान आहे. १ + ताम्रसृती (दूरच्या प्रकाशाच्या तरंगलांबीतली सापेक्ष वाढ) म्हणजे विश्व किती पट ताणलं गेलं, हा अर्थ पक्का करा. द्रव्याची घनता त्याच्या तिसऱ्या घातानं बदलते, प्रारणाची चौथ्या, तापमान पहिल्या. आजच्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाचं तापमान २.७२५ केल्विन, ताम्रसृती ११०० ला सुमारे ३००० केल्विन. हबल स्थिरांक (विश्वप्रसरणाचा दर) ७० किमी प्रतिसेकंद प्रतिमेगापारसेक धरला तर त्याचा व्यस्त सुमारे १४ अब्ज वर्षं आणि चरम घनता (विश्व सपाट असायला लागणारी घनता) ९.२ × १०^−२७ किलो प्रतिघनमीटर, म्हणजे घनमीटरला पाच-सहा प्रोटॉन. वेग = प्रकाशवेग × ताम्रसृती हे फक्त लहान ताम्रसृतीला. ताम्रसृती २ असताना ते वापरून 'वेग प्रकाशाच्या दुप्पट' असा निष्कर्ष काढू नका.


त्रिज्या

परीक्षेला चार महिने आहेत. गोलीय त्रिकोणमिती अजिबात झालेली नाही, यांत्रिकी बरी आहे. कसं करू?


नाक्षत्र

पहिले सहा आठवडे रोज दीड तास : एक तास गोलीय भूमिती, अर्धा तास प्रत आणि प्रारण. यांत्रिकी रविवारी, फक्त जोडतारे आणि कक्षाबदलाची गणितं. पुढचे चार आठवडे तारे, उपकरणं (विभेदनक्षमता, प्रतिमेची मोजपट्टी, संकेत-गोंगाट गुणोत्तर) आणि आठवड्याला एक विदा-विश्लेषणाचा प्रश्न पूर्ण, आलेखासकट. त्यानंतर जुन्या प्रश्नपत्रिका, वेळ लावून. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह सहज मिळतात. उत्तर बघण्याआधी प्रत्येक प्रश्नाशी किमान अर्धा तास झुंजा. निरभ्र रात्र मिळेल तेव्हा वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि नकाशाशिवाय आकाश वाचा, त्यासाठी वेगळा महिना राखून ठेवू नका.

कॅल्क्युलेटर एकच ठेवा, प्रोग्रॅम न होणारा, आणि तोच परीक्षेला न्या. त्यातली सरळरेषा जुळवण्याची सोय आत्ताच शिकून घ्या. प्रत्येक प्रश्नाआधी तो अंशांवर आहे की रेडियनवर ते बघा. लॉग दहाच्या पायाचा की नैसर्गिक, तेही बघा.

उत्तरपत्रिकेत आधी चित्र, मग चिन्हांत सूत्र, आणि आकडे अगदी शेवटी. गुण पायऱ्यांना असतात. आकडे पहिल्याच ओळीत घातले आणि मध्ये एक घातांक चुकला तर तपासणाऱ्याला तुमची भौतिकी दिसतच नाही. पहिल्या उपप्रश्नाचं उत्तर चुकलं असं वाटलं तरी तेच घेऊन पुढचे उपप्रश्न सोडवा, आणि 'ही किंमत वरून घेतली आहे' असं स्पष्ट लिहा.